पहिल्या हत्तीची जागा

शेवंती हत्ती काढायची तो शेपटीपासून.

बाकी सगळं जग सोंडेपासून सुरुवात करतं, फार तर पाठीच्या कमानीपासून. हिची लेखणी आधी शेपटीच्या झुबक्यावर टेकायची, तिथून पाठीवर चढायची, डोक्याला वळसा घालून सोंडेच्या टोकाला जरा लोंबकळायची, आणि मग पोटाखालून, एकेका पायाची विचारपूस करत, परत शेपटीशी घरी यायची.

"असं उलटं का गं काढतेस?" शर्वरीनं तिला एकदा विचारलं होतं.

"मागनं गेलं की त्याला कळत नाही आई, आपण त्याला काढतोय ते. पुढनं गेलं तर हलतो तो."

हे आठ वर्षांच्या पोरीचं शास्त्र. 

सांगलीत हरिपूर रस्त्याला मगदूमांचं घर. पुढं अंगण, अंगणात चिंचेची सावली. हस्त नक्षत्र लागलं की गल्लीतल्या मुली तिथं हादगा मांडायच्या. मधे पाट, पाटावर समोरासमोर दोन हत्ती, भोवती फेर, आणि गाणी संपली की खिरापत ओळखायची. मगदूमांच्या घरची खिरापत ओळखायला मात्र डोकं लागत नसे. सन्मती मगदूमाचं बेदाण्याचं शेड होतं. डबा वाजायच्या आत मुली एका सुरात ओरडत, "बेदाणे!" आणि शेवंती बापाच्या अंगावर धावून जाई. "बाबा, एकदा तरी दुसरं काहीतरी कर ना! माझी इज्जत जाते!"

त्या वर्षी पूर नुकताच ओसरला होता. भिंतींची ओल गेली नव्हती, रांगोळी डब्यातच गोळा होऊन बसली होती. म्हणून शेवंतीनं आईची कामाची पाटी ओढून घेतली, काचेची, आणि लेखणीनं तिच्यावर हत्ती काढला. काढता काढता गुणगुणत होती. ओळ कुणाची नव्हती, तिची तिनंच जुळवलेली:

माझा पहिला गं हत्ती, उभा पाटाच्या कडेला
वाट दुसऱ्याची बघतो, पाणी लावीना सोंडेला

"आणि दुसरा कुठाय?" शर्वरीनं विचारलं.

"दुसरा उद्या. आज याला एकटं राहू दे. त्याशिवाय दुसरा आल्यावर आनंद कसा होणार त्याला?"

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. पुराच्या पाण्यातला ताप. गल्लीत आणखीही काही घरांतून तो येऊन गेला होता, आणि ती माणसं उठून कामालाही लागली होती.

शेवंती उठली नाही.

*

शर्वरी आकृतिभांडारात आकृतिकार होती. हे भांडार म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दुःख त्याच्या पोटातून आलं.

त्या काळापर्यंत छापील कागद जवळजवळ हद्दपार झाला होता. शाळेची पुस्तकं, लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या पुड्यांवरच्या खुणा, सगळं जित्या कागदावर आलं होतं. लोक त्याला जिता कागद म्हणत, कारण त्यावरचं चित्र कागदात नसे. कागदात असत फक्त सूचना. भांडारातून अमुक नावाची आकृती आण, तिच्या मूळबिंदूला धर, इतकी उजवीकडे सरकव, इतकी वर घे, एवढी लहान कर, हवी तर उलटी फिरव आणि मांड. मूळबिंदू म्हणजे आकृतीची बेंबी. जिथून काढणाऱ्यानं पहिली रेघ सुरू केली, ती जागा. सगळं मोजमाप तिथून. एक आंब्याचं झाड भांडारात एकदाच काढलेलं असे, आणि राज्यातल्या हजारो पानांवर ते कुठं मोठं, कुठं बारकं, कुठं डोंगरामागं उभं असे. झाड मात्र एकच. त्याची एक फांदी इथं सांगलीत बदलली की गडचिरोलीच्या पोराच्या पाटीवरची फांदीही त्याच क्षणी बदले.

म्हणून त्या धंद्यातला पहिला धडा असा: प्रत काढायची नाही, बोट दाखवायचं. मागं एकदा लहान मुलांच्या औषधाच्या मापाचं चित्र चुकलं होतं. मूळ आकृती दुरुस्त केली, पण लोकांनी काढून ठेवलेल्या प्रती तशाच राहिल्या, आणि त्या चुकीच्या मापानं औषध पाजलं गेलं. तेव्हापासून प्रत काढणं म्हणजे आकृतिकाराला शिवी. शर्वरी नव्या मुलांना शिकवताना म्हणायची, "प्रत म्हणजे विसरलेली चूक."

शेवंतीचा हत्ती आईच्या पाटीवर काढलेला, म्हणून तो जन्मतःच आकृती होता. लेक गेल्यावर कधीतरी शर्वरीनं पाटी उघडली, तर तो आपला डाव्या कडेला उभा, वाट बघत. तिनं त्याला नाव दिलं, 'शेवंतीचा हत्ती', आणि भांडारात ठेवला. पाटावर जोडी लागते, म्हणून समोर त्यालाच उलटा फिरवून मांडला. हादग्याचा हत्ती भांडारात दुसरा नव्हताच. पुढच्या वर्षी बघता बघता कोल्हापूर, सातारा, सोलापूर, सगळ्या शाळांच्या पाट्यांवर शेवंतीचे हत्ती समोरासमोर उभे राहिले. मुली त्यांच्याभोवती नाचल्या.

शर्वरीनं ते सन्मतीला दाखवलं. त्यानं उजवीकडच्या हत्तीवर बोट ठेवलं.

"दुसरा तिनं कुठं काढला होता?"

"तो पहिलाच आहे. फिरवून ठेवलाय."

"म्हणजे आरशातला." त्यानं पाटी परत दिली. "बरंय. एकटा तरी नाही."

*

चार वर्षांनी कोठावळे सर एक नवं यंत्र घेऊन आले. कोठावळे भांडाराचे प्रमुख. पोट सुटलेले, चहाला कधी नाही न म्हणणारे. ते कुणाला रडवतील असं त्यांच्याकडं बघून वाटलं नसतं.

"शर्वरीताई, बसा. हे जरा बसूनच ऐकायचं आहे."

यंत्राला भांडारात सगळे नुसतं 'हात' म्हणू लागले. त्याचं शास्त्र साधं होतं. रेघ म्हणजे नुसता आकार नव्हे, ती हालचाल असते. लेखणी कुठं दाबली, कुठं रेंगाळली, वळणावर किती मंदावली, हे पाटीनं आकाराबरोबर टिपून ठेवलेलं असतं. चालीवरून आपण पाठमोरा माणूस ओळखतो. तसं या टिपणांवरून यंत्र मनगट, कोपर, बोटांची पकड यांचा हिशेब मांडतं आणि ती रेघ ज्या हातातून आली तो हात नव्यानं उभा करतं. मग त्या हाताला सांगायचं, आता घोडा काढ. त्या माणसानं काढला असता तसा घोडा तो काढतो. जुन्या पोथ्यांतली फाटलेली चित्रं पुरी करायला यंत्र आणलं होतं.

"एकाच चित्रावरून हात उभा राहतो?" शर्वरीनं विचारलं. 

"कच्चा राहतो. पण ज्यानं तो हात पाहिलाय तो माणूस शेजारी बसून सांगत गेला, की असं नाही, असं, तर शिकतो. शिकत जातो." कोठावळेंनी चष्मा काढून पुसला. "मी आधी तुम्हालाच विचारतोय. नको असेल तर नको म्हणा, आपण चहा घेऊ."

तिनं नको म्हटलं नाही.

हात बसवताना यंत्रानं तिला दोन गोष्टी विचारल्या. पहिली: या नावाची आकृती यापुढं हाताकडून घ्यायची का? म्हणजे जिथं जिथं शेवंतीच्या हत्तीकडं बोट दाखवलेलं आहे, तिथं आजवर साठवलेल्या रेघा यायच्या, त्याऐवजी हात तो हत्ती त्या वेळी काढून देणार. तिनं हो म्हटलं. लेकीनं रोज नवा हत्ती काढावा, यापरतं काय हवं होतं?

दुसरी: मूळ रेघा हातात विरघळतील, त्यांची सुटी प्रत ठेवायची का?

तिचं बोट आपोआप 'नाही'वर गेलं. सोळा वर्षं ते बोट तिथंच जात होतं.

*

हातानं दुसरा हत्ती काढला त्या दुपारी भांडारात पंख्याचा आवाज तेवढा होता.

रिकाम्या पाटीवर उजव्या कडेला एक टिंब उमटलं. शेपटीचा झुबका. रेघ पाठीवर चढली, डोक्याशी थबकली, सोंडेच्या टोकाला लोंबकळली. मग एकेका पायाची विचारपूस. तिसऱ्या पायाशी शेवंती नेहमी चुकायची, पाय बारीक व्हायचा आणि मग गुडघा जाड करून ती तो सावरून घ्यायची. हातानंही गुडघा जाड केला.

हा आरशातला नव्हता. याचा कान मोठा होता. हा दुसरा होता.

शर्वरीनं पदर तोंडाशी धरला. बाजूच्या टेबलावरची माणसं उठून बाहेर गेली. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

मग ती रोजच त्या यंत्राशी बसू लागली. आपलं काम उरकलं की दुपारचा चहा बाजूला सारायची आणि हाताला म्हणायची, घर काढ. मांजर काढ. बाबांचं शेड काढ. हात काढायचा. ती बघायची, आणि म्हणायची, "असं नाही गं. शेडला तू खिडक्या जास्त काढायचीस." लेखणी घेऊन दुरुस्त करायची. हात पुन्हा काढायचा, खिडक्या जास्त. "मांजराच्या मिशा अशा नाही." हात मिशा बदलायचा. इतकं ऐकणारी शेवंती खरी तर कधीच नव्हती. खरी शेवंती म्हणाली असती, माझं मांजर आहे, तुला काय करायचंय?

हे शर्वरीच्या मनात येऊन गेलं. आलं तसं तिनं ते परत लावून दिलं.

पुढं पुढं तिला वाटू लागलं, आता ती बाराची झाली असती. बाराव्या वर्षी रेघ थोडी सरळ होते, घाई कमी होते. तिनं हाताला तसं शिकवलं. रेघ सरळ झाली. तिसरा पाय बारीक राहिना. ती म्हणाली, शहाणी झाली माझी बाय.

सन्मतीला तिनं पुन्हा एकदा ओढत नेलं. पहिल्या वेळी दुसरा हत्ती बघून तो भांडाराच्या जिन्यात बसून रडला होता; गडी मोठ्यानं रडत होता, लाज न बाळगता. या वेळी तिनं हाताकडून आपलाच चेहरा काढून घेतला होता. खाली अक्षरं: आई.

सन्मतीनं चित्र बघितलं. डोकं खाजवलं.

"चांगलं आहे."

"नुसतं चांगलं?"

"फार चांगलं आहे. इतकं चांगलं तिला येत नव्हतं."

"ती मोठी होतेय सन्मती."

"कोण मोठं होतंय?" त्यानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "शर्वरी, मी दिवसभर बेदाणा निवडतो. ढिगात हात घातला की कळतं, हा आपल्या शेडचा, हा शेजारचा. हे आपल्या शेडचं नाही गं."

"मग कुणाचं आहे?"

"तुझं आहे. कपाळ बघ, नाक बघ. तू अशी काढतेस. लग्नाआधी पत्रातनं स्वतःला काढून मला पाठवायचीस ती हीच."

तिला राग आला. इतका, की शेजारची लेखणी खाली पडली तरी तिला कळलं नाही. "तुला ती परत नकोच आहे. तुला सगळं संपवून बेदाणे मोजत बसायचंय."

"मला ती हवी आहे," सन्मती म्हणाला. "म्हणून तर हे नको."

त्यानंतर घरात बोलणं होई ते भाजी आणि पाण्याचं. दोघं एका ताटलीतले दोन घास, पण एकमेकांपासून लांब ठेवलेले.

*

त्या वर्षी हस्त लागला आणि भांडारात सकाळपासून निरोपांची रांग लागली.

पहिला निरोप कऱ्हाडच्या एका शाळेचा. "आमच्या पाट्यांवरचे हत्ती सरकलेत. मुली रडतायत." मग इचलकरंजी, मग पंढरपूर, मग बार्शी. कोठावळे धावत आले. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर त्यांनी एका शाळेचं पान लावलं.

पाट मधोमध होता तसाच होता. पण हत्ती पाटावर नव्हते. डावा डाव्या कडेबाहेर गेला होता, उजवा उजव्या. पाठ फिरवलेली नव्हती दोघांनी; तोंडं समोरासमोरच होती, पण मागं मागं सरकत ते पानाबाहेर निघाले होते. आत राहिली होती फक्त कपाळं आणि पाण्याला न लागलेल्या दोन सोंडा. मधली जागा ओसाड.

"जागा कुणी बदलल्या?" कोठावळे ओरडले. "पानांना हात कुणी लावला?"

कुणीच लावला नव्हता. सूचना त्याच होत्या: शेवंतीचा हत्ती घे, मूळबिंदूला धर, पाटाच्या डाव्या कडेला ठेव. हातानं तेच केलं होतं.  शर्वरीला कळलं होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं.

ती यंत्रापाशी बसली. म्हणाली, "हत्ती काढ. सावकाश."

पाटीवर टिंब उमटलं. ते कपाळ होतं.

रेघ कपाळावरून निघाली. डौलदार, न चुकणारी, शिकलेली रेघ. पाठ झाली, पाय झाले, चारही सारखे. सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं म्हणून, शेपटी.

कॉलेजात चित्रकलेच्या बाईंनी शर्वरीला शिकवलं होतं, प्राणी कपाळापासून काढावा, म्हणजे तोल चुकत नाही. पंचवीस वर्षं ती तशीच काढत आली होती. लेकीला दुरुस्त करता करता, थोडा कान, थोडी मिशी, थोडा गुडघा, तिनं लेकीचा हात आपल्या हातात घेतला होता. धुळाक्षरं गिरवताना घेतात तसा. फक्त सोडला नव्हता. आणि काल किंवा परवा, कुणाला न कळता, मूळबिंदू शेपटीवरून निघून कपाळावर आला होता. आकार बदलत होता तेव्हा राज्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. बेंबी हलली तेव्हा सगळे हत्ती जागेवरून ढळले.

"मूळ रेघा?" कोठावळेंनी हळूच विचारलं. "प्रत?"

शर्वरीनं नकारार्थी मान हलवली.

"शर्वरीताई, यंत्र विचारतं की."

"विचारलं होतं."

कोठावळे शेजारच्या खुर्चीत बसले. तो धडा त्यांनीच तिला शिकवला होता.

*

सन्मती घरी होता. तिनं सांगितलं ते त्यानं उभ्यानं ऐकलं, मग आपला फोन काढला. त्यात दरवर्षीच्या हादग्याचे फोटो होते. शाळेच्या पाट्या, पत्रिका, एका फोटोत तर शर्वरीच्या कामाच्या पाटीवर तो हत्ती आणि शेजारी नुकत्याच धुतलेल्या केसांची शेवंती.

त्यानं तोच उघडला. शेवंती होती तशीच होती, एक डोळा मिटून हसणारी. तिच्या शेजारच्या पाटीवरचा हत्ती मात्र मागं सरकून काचेबाहेर गेला होता. कपाळ तेवढं दिसत होतं.

"हे कसं?" सन्मतीनं फोन तिच्यापुढं धरला. "फोटो आहे हा. मी काढलाय."

"फोनही आता सगळं साठवत नाहीत," शर्वरी म्हणाली. "चित्रात ओळखीची आकृती दिसली की तेवढी जागा मोकळी करून भांडाराकडं बोट ठेवतात. जागा वाचते." तिला हसू आलं, वाईट हसू. "आम्हीच शिकवलं त्यांना."

सन्मतीनं एकेक फोटो उघडला. सगळीकडं कपाळं. मग तो फोन पालथा ठेवून तिच्याजवळ खाली बसला. खूप दिवसांनी तो तिच्या इतका जवळ बसला होता.

"तुला आठवतो का तो?" तिनं विचारलं. "नीट? रेघ न रेघ?"

"नाही," तो म्हणाला. "तिसरा पाय बारीक होता, एवढं आठवतं. आणि ती म्हणत होती ते गाणं."

"मला आठवतो असं मला वाटत होतं. म्हणून तर दुरुस्त करत गेले." ती आपल्या उजव्या हाताकडं बघत होती. "सन्मती, मी आठवत नव्हते रे. मी काढत होते."

त्यानं तो हात धरला. 

*

सकाळी कोठावळेंनी उपाय आणला होता. "सोपं आहे. मूळबिंदू परत शेपटीवर नेऊ. सगळे हत्ती एका दमात पाटावर येतील. हात तसाच राहू दे, तुमची सोबत राहील. कुणाला काही कळणार नाही."

"मला कळेल."

"मग हात बंद करायचा? ताई, त्या नावाखाली दुसरं काही उरलेलं नाही. पानापानावर भोक पडेल. ऐन हादग्यात." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तो बंद केला की मांजर, शेड, ते तुमचं चित्र, सगळं जाईल. परत उभा राहणार नाही तो."

शर्वरीनं यंत्राकडं बघितलं. पाटी रिकामी होती, सांगितलं की काढायला तयार. हो म्हणणारी, न रुसणारी, तिच्याच वळणाची लेक. तिला वाटलं, एकदा शेवटचं काहीतरी काढून घ्यावं. ओठावर आलंही होतं.

तिनं ते गिळलं आणि हात बंद केला.

मग लेखणी घेतली. कपाळापासून, आपल्या सवयीनं, तोल सांभाळून, एक हत्ती काढला. डाव्या बाजूला तोंड करून उभा. त्याला नाव दिलं: 'दुसरा हत्ती'. काढणारी: शेवंतीची आई. आणि जिथं जिथं पहिल्याला उलटा फिरवून मांडलेलं होतं, त्या प्रत्येक ठिकाणी सूचना बदलली, की आता याला आणून उजव्या कडेला ठेव.

"आणि डावीकडं?" कोठावळेंनी विचारलं. "तिथं त्या नावाकडं दाखवलेलं बोट अजून आहे. नुसतं रिकाम्यात. काढून टाकू?"

"राहू दे सर. जागा त्याची आहे."

*

संध्याकाळी अंगणात मुली जमल्या. शेवंतीच्या वेळच्या आता उंच झाल्या होत्या, ओढण्या सावरत कडेला उभ्या होत्या. फेर धरणाऱ्या नव्या, बारक्या होत्या. शेजारच्या सरोजवहिनींनी पाट मांडला. या वेळी पाटावर जिता कागद नव्हता. शर्वरीनं रांगोळीनं हत्ती काढला, उजवीकडं एकच, आणि हात झटकून मागं सरली.

"अगं, अर्धाच?" सरोजवहिनी म्हणाल्या. "रांगोळी संपली का? थांब, मी देते."

"रांगोळी आहे वहिनी."

"मग त्याच्या समोर कोण?"

एका बारक्या मुलीनं पाटीवर बघितलेलं होतं. तिनं मोठ्या माणसासारखं सांगितलं, "आमच्या शाळेतपण नाहीये काकू. तो पहिला आहे ना, तो यायचाय."

सरोजवहिनी पाटापासून मागं सरल्या. सन्मती डबा घेऊन पायरीवर उभा होता. त्यानं डबा हलवला, आतलं खुळखुळलं, आणि कडेच्या उंच मुली एका सुरात ओरडल्या, "बेदाणे!"

"आधी गाणी म्हणा," तो म्हणाला.  "खिरापत नंतर."

मुलींनी हात धरले. फेर सुरू झाला. शेवंतीच्या वेळी पाट लहान आणि मुली जास्त, म्हणून पावलं पाटाला घासून जात, कुणाच्या तरी टाचेनं हत्तीची शेपटी पुसली जाई आणि भांडण होई. आज फेर डावीकडं आला की आपोआप रुंद होत होता. कुणी सांगितलं नव्हतं. पाटाच्या डाव्या बाजूला, जिथं काहीच काढलेलं नव्हतं, तिथं पोरी लांब पाऊल टाकून, कुणाला तरी वळसा घालून जात होत्या.

शर्वरी चिंचेच्या बुंध्याला टेकून बघत होती. पाटावर तिचा हत्ती सोंड उचलून रिकाम्या जागेकडं तोंड करून उभा होता.

तिनं शेवंतीची ती ओळ म्हणायला सुरुवात केली. सूर लागेना. सन्मतीनं पायरीवरून तो उचलला. बेसूर होता तोही. पण शब्द त्याला सगळे आठवत होते.